प्रेशरची इंजेक्शनं चालू आहेत म्हणजे नक्की काय चाललंय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सेप्सिसवर लिहिलं होतं. अंगात कुठंतरी इन्फेक्शन होतं, ते आवरत नाही आणि मग सगळं शरीरच बिघडायला लागतं, असा तो विषय. त्यात मी एका ओळीत लिहून गेलो की अशा पेशंटला बीपी धरून ठेवायला औषधं लावावी लागतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देतोय. सांगलीत आयसीयूत काम करून मला पंचवीसेक वर्षं झाली, पण बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांना आम्ही घाईघाईत जे सांगतो त्यातलं त्यांच्यापर्यंत किती कमी पोचतं हे ही पत्रं वाचून कळलं आणि खरंच वाईट वाटलं. नावं कोणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

तासगावहून एक ताई लिहितात:
आमचे मामा, म्हणजे सासरे, वय ६८, द्राक्षबाग आहे. प्रोस्टेटचा त्रास होताच, लघवीत इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला आणि दुसऱ्या दिवशी काहीबाही बोलायला लागले. सांगलीला नेलं तर वरचं बीपी ७०. तीन-चार सलाईन संपल्या तरी डॉक्टर म्हणाले बीपी लागत नाहीये, नॉरॲड चालू करतो, सपोर्टवर ठेवतो. सपोर्ट म्हणजे व्हेंटिलेटर का? शेजारच्या काकू म्हणाल्या ते इंजेक्शन लावलं की माणूस परत येत नसतो, आम्ही सगळ्या पाहुण्यांना फोन करून बोलावून घेतलं होतं. देवाच्या दयेनं आठव्या दिवशी मामा घरी आले. पण त्या पंपातून काय जात होतं ते मला अजून कळलेलं नाही. आणि त्यांच्या रोजच्या बीपीच्या गोळ्या बंद केल्यात, त्या परत कधी चालू करायच्या?

ताई, मामा घरी आले हे वाचून फार बरं वाटलं. सपोर्ट हा शब्द आम्ही डॉक्टर लोक दोन्हीसाठी वापरतो आणि तिथंच घोळ होतो. व्हेंटिलेटर हा श्वासाचा सपोर्ट. मामांना लावला तो प्रेशरचा, त्यात नळी घशात नसते, पेशंट कित्येकदा जागा असतो, बोलतो, चहा मागतो.

आता बागेचंच बघा. मोटर, पाईप आणि पाणी, या तिघांवर ठिबक चालतं. मोटर म्हणजे हृदय, पाईप म्हणजे रक्तवाहिन्या, पाणी म्हणजे रक्त. इन्फेक्शन अंगभर पसरलं की या पाईपा सैल पडतात, रुंद होतात, वर जागोजाग झिरपायला लागतात. मोटर जोरात पळते, म्हणून नाडी १२०-१३० ला जाते, पण लाईनीत प्रेशर धरत नाही. पहिल्यांदा पाणी वाढवून बघायचं असतं, म्हणून सलाईन. किलोमागे ३० एमएल हा सुरुवातीचा ढोबळ हिशोब, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० एमएल, अर्ध्या लिटरच्या साडेतीन बाटल्या. मामांना तेवढंच दिलेलं दिसतंय. पण झिरपणाऱ्या पाईपात पाणी ओतत राहिलं तर ते बाहेरच साठतं, फुप्फुसात साठतं, हातपाय सुजतात. म्हणून एका टप्प्यानंतर पाईप आवळावी लागते आणि ते काम नॉरॲड्रिनालिनचं, म्हणजे तुम्ही ऐकलं त्या नॉरॲडचं.

हे काही परकं औषध नाही हो. आपल्या शरीरातल्या नसांच्या टोकातून हेच रसायन सतत सुटत असतं, आत्ता तुम्ही खुर्चीवरून उठाल तेव्हा चक्कर येणार नाही ती याच्याच जोरावर. स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली ते शोधून दाखवलं, १९७० ला त्यांना त्या कामासाठी नोबेल मिळालं. आजारात शरीराचा स्वतःचा पुरवठा कमी पडतो तेव्हा तेच आम्ही बाहेरून थेंबाथेंबानं देतो, एवढंच.

किती द्यायचं? मॉनिटरवर ९०/५४ असं दिसतं आणि शेजारी कंसात अजून एक आकडा असतो, ६६. त्याला आम्ही मीन म्हणतो. खालच्या बीपीत वरच्या-खालच्या फरकाचा तिसरा भाग मिळवला की तो येतो, इथं फरक ३६, त्याचा तिसरा भाग १२, आणि ५४ अधिक १२ म्हणजे ६६. मेंदू, किडनी यांना रक्त पोचतंय का याचा अंदाज या आकड्यावरून जास्त चांगला येतो, आणि तो साधारण ६५ च्या वर ठेवायचा असा जगभरचा संकेत आहे. नातेवाईक मात्र वरच्या बीपीकडेच बघत बसतात, "९० च आहे, १२० कधी होणार" म्हणून जीव टांगणीला लागतो. १२० करायचंच नसतं, कारण जास्त आवळलं तर बोटं, आतडी यांचंच रक्त तुटतं.

आणि तुम्ही बागाईतदार आहात म्हणून मुद्दाम सांगतो. फिल्टरपाशी गेजवर प्रेशर दिसलं म्हणजे शेवटच्या वेलीपाशी थेंब पडला असं होत नाही, चालत जाऊन बघावं लागतं. आमचं पण तसंच आहे. ६५ आलं म्हणून खूश व्हायचं नाही, लघवी तासाला किती होतेय बघायचं, ६० किलोच्या माणसाला निदान ३० एमएल, माणूस शुद्धीवर येतोय का, हात गरम झालेत का, आणि बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडलं तर रंग ३ सेकंदात परत येतो का. ही बोट दाबायची साधी परीक्षा दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ पेशंटवर लॅक्टेटच्या (पेशींना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासणीसमोर ठेवून बघितली, एका गटाला ही, दुसऱ्याला ती, २०१९ ला ते प्रसिद्ध झालं. मृत्यूच्या प्रमाणात तपासणीवाला गट काही ठळक पुढे गेला नाही. म्हणजे ज्या दवाखान्यात लॅक्टेटची सोय नाही तिथं निदान डॉक्टरचं बोट तरी आहे.

काकूंच्या बोलण्याचं म्हणाल तर ही औषधं लागतात म्हणजे आजार गंभीर आहे हे खरं, आणि या आजारात खूप माणसं दगावतात हेही खरं. पण माणूस जातो तो आजारानं. औषध वेळ मिळवून देतं, त्या वेळात अँटिबायोटिक लवकर, शक्यतो तासाभरात, पोचलं पाहिजे आणि पू असेल तर काढला पाहिजे, लघवी अडली असेल तर नळी घालून मोकळी केली पाहिजे. मामांच्या बाबतीत ती नळीच मोठं काम करून गेली असणार. गोळ्यांचं शेवटी सांगतो.

कराडहून एक मुलगा:
आईला पहिल्या दवाखान्यात नॉरॲड ४.५ एमएलनं चालू होतं. दुसरीकडे हलवलं तर तिथं २.२ वर. आधीच्यांनी दुप्पट डोस दिला का?

नाही, बहुतेक डोस तोच आहे. पंपावर दिसतो तो औषध किती पाण्यात कालवलंय त्यावर अवलंबून असलेला आकडा आहे. ६० किलोच्या पेशंटला किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तासाला ३६० मायक्रोग्रॅम होतात. ५० च्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम घातलं असेल तर त्यासाठी ४.५ एमएल लागतात, ८ मिलिग्रॅम घातलं असेल तर सव्वादोन. कीटकनाशक पंपात कमी-जास्त कालवल्यासारखंच आहे ते. म्हणून एमएल लिहून ठेवू नका, "किलोला मिनिटाला किती मायक्रोग्रॅम" हे विचारा, सिस्टर सांगतील. ढोबळ म्हणजे ०.२५ च्या पुढं जायला लागलं की आम्ही दुसरं औषध जोडायचा विचार करतो, व्हॅसोप्रेसिन, ते वजनावर नसतं, मिनिटाला ०.०३ युनिट असं ठरलेलं असतं, आणि बऱ्याचदा हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड पण. दुसरा पंप दिसला म्हणजे हात टेकले असं नाही, एकाचाच डोस चढवत नेण्यापेक्षा दोन वेगळ्या वाटांनी जाणं बरं, हा त्यामागचा विचार.

जतहून एक स्टाफ नर्स:
आमच्याकडे रात्री सेंट्रल लाईन (मानेतल्या वगैरे मोठ्या शिरेत घालायची लांब नळी) टाकणारं कोणी नसतं. पेशंटचं बीपी ६० वर, सरांनी फोनवर सांगितलं हाताच्या शिरेतून नॉरॲड चालू करा आणि सांगलीला पाठवा. मी केलं. सकाळी दुसरे एक डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले की हे औषध हातातून देतात का, हात सडला असता म्हणजे? मी चुकले का सर?

ताई, तुम्ही चुकला नाहीत, आणि चार लोकांसमोर तुम्हाला बोलले हे मला अजिबात आवडलं नाही. जुन्या शिकवणीत "नॉरॲड फक्त सेंट्रल लाईनमधून" असंच होतं, मीही तेच शिकलो. पण २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की सेंट्रल लाईनची वाट बघत औषध लांबवू नका, हातातून चालू करा, थोड्या वेळापुरतं, आणि शीर कोपराच्या खळगीतली किंवा त्याच्या वरची घ्या. जतहून सांगलीपर्यंतचा रस्ता ६० च्या बीपीवर काढायचा म्हणजे किडनी, मेंदू सगळं पणाला लावणं आहे.

भीती मात्र खोटी नाही. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी पांढरी पडते, गार आणि कडक लागते, आणि लक्ष गेलं नाही तर ती जागा मरते. म्हणून मनगटाची, पंजाच्या मागची बारीक शीर नको. मोठा कॅन्युला (शिरेत ठेवायची प्लॅस्टिकची नळी), आधी सलाईन सोडून नीट वाहतोय ना ते बघून घ्यायचं, बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला बांधायचा, त्या लाईनमधून दुसरं कुठलंही इंजेक्शन पुश करायचं नाही कारण नळीत असलेलं नॉरॲड एकदम आत जातं आणि बीपी २०० ला उडतं. हातावरची चादर बाजूला ठेवा, जागा उघडी दिसली पाहिजे, आणि दर थोड्या वेळानं बोटानं चाचपायची. पांढरं दिसलं तर पंप बंद, कॅन्युला लगेच उपटायचा नाही, त्यातूनच सिरिंजनं जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्यायचं, फ्लश करायचं नाही, बर्फ लावायचा नाही, दुसऱ्या हातात औषध चालू करायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. फेंटोलामिन म्हणून त्यावर उतारा आहे, त्या जागी टोचतात. तो नसेल तर टर्ब्युटालिन वापरतात.

अजून एक गोष्ट, ही मला एका रात्रीनं शिकवली. नवीन होतो तेव्हा. बाळंतपणानंतर सेप्सिस झालेली एक पोरगी होती, विशीतली, नॉरॲडवर ६८ मीन धरून. पहाटे चारच्या सुमाराला पंप वाजला, सिरिंज संपली. सिस्टर ट्रॉलीकडे वळल्या, अँप्युल फोडली, ५० ची सिरिंज भरली, लेबल लिहिलं, काही रेंगाळल्या नाहीत हो बिचाऱ्या, पण तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर ६८ चे ५५, ५५ चे ४१ झाले आणि पोरीनं डोळे वर केले. या औषधाचं आयुष्य रक्तात दोन-तीन मिनिटांचं. धार तुटली की प्रेशर तुटतं. ती सावरली, पण तेव्हापासून माझ्या आयसीयूत सिरिंज संपायच्या अर्धा तास आधी दुसरी भरून, लेबल लावून, शेजारच्या पंपावर तयार ठेवलेली असते आणि पहिली चालू असतानाच दुसरी सुरू होते. ॲम्ब्युलन्समध्ये पाठवताना तर दोन भरलेल्या सिरिंज आणि पंपाची बॅटरी चार्ज आहे का हे बघितल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका, डॉक्टर घाई करत असले तरी.

मिरजेहून एक काका:
२००३ साली आमच्या वडिलांना डोपामिन लावलं होतं, किडनीसाठी चांगलं असतं म्हणाले होते. आता कोणी त्याचं नावही घेत नाही, का?

काका, तेव्हा आम्ही सगळेच देत होतो. कमी डोसात डोपामिन दिलं की लघवी वाढते, म्हणून किडनी वाचते असा समज होता. खरं तर २००० सालीच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंनी ३२८ पेशंटवर बघितलं होतं, किडनीला काही फायदा नाही. पण ते आपल्याकडे रुजायला बरीच वर्षं गेली. मग २०१० ला युरोपात १६७९ पेशंटवर डोपामिन आणि नॉरॲड्रिनालिन समोरासमोर ठेवलं, मृत्यूत ठळक फरक नव्हता पण हृदयाचे ठोके बिघडायचं प्रमाण डोपामिनला २४ टक्के, नॉरॲडला १२. तिथून डोपामिन मागं पडलं. वडिलांच्या डॉक्टरांनी त्या काळात जे माहीत होतं तेच केलं, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

पाटणहून एक आजोबा:
नातवाला लाल विंचू चावला, सरळ दवाखान्यात नेला. हात गार, दरदरून घाम. डॉक्टरांनी प्राझोसिन दिली. मेडिकलवाला म्हणाला ही बीपी कमी करायची गोळी. पोरगं गार पडलंय आणि बीपी कमी करायची?

आजोबा, डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. विंचवाच्या विषानं शरीरातलं ॲड्रिनालिन-नॉरॲड्रिनालिन एकदम भसाभस सुटतं, म्हणजे वर तासगावच्या मामांना आम्ही जे थेंबाथेंबानं देत होतो त्याचा इथं पूर येतो. रक्तवाहिन्या करकचून आवळल्या जातात, म्हणून हात गार. हृदय त्या आवळलेल्या पाईपात रक्त ढकलून दमतं, आणि मग फुप्फुसात पाणी भरतं, प्रेशर पडतं. प्राझोसिन ती आवळण सोडवते. हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या खेड्यापाड्यांतले पेशंट रात्र-रात्र उशाशी बसून बघत शोधून काढलं, जगानं ते मान्य केलं, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पुढं विंचवाची लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर बरं वाटतं हेही त्यांनी २०११ ला दाखवलं. एकच करा, गोळीनंतर पोराला उचलून मांडीवर बसवू नका, आडवंच राहू दे, बसवलं की प्रेशर एकदम पडतं. आणि मंत्र टाकून विंचू उतरवणाऱ्याकडे नेण्यात अर्धा तासही घालवला नाहीत हे फार चांगलं केलंत.

विट्याहून एक भाऊ:
धाकट्याला न्यूमोनिया, वय ४१. वाचला. पण उजव्या हाताची तीन बोटं आणि पायाचे दोन्ही अंगठे काळे पडलेत. प्रेशरच्या इंजेक्शनचा डोस जास्त दिला म्हणून झालं असं सगळे म्हणतात. केस करू का?

दादा, तुमचा राग मला कळतो, ४१ वर्षांच्या कामाच्या माणसाची बोटं आहेत ती. खरं सांगतो, औषधाचा त्यात वाटा असू शकतो. पण इतक्या मोठ्या सेप्सिसमध्ये बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन, प्रेशर पडलेलं असतानाच बोटं मरायला लागलेली असतात, आणि ज्याला डोस जास्त लागला तो मुळात जास्त आजारी होता, त्यामुळं कशामुळं किती हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. डोस गरजेपेक्षा कमी ठेवला असता तर किडनी, हृदय जायचा धोका होता. केसच्या आधी डिस्चार्जबरोबर आयसीयूच्या रोजच्या चार्टची कॉपी मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि दुसऱ्या एखाद्या आयसीयूच्या डॉक्टरांना दाखवा. डोस विनाकारण चढा ठेवला होता का, हे त्या कागदावर दिसतं. बोटांची घाई करू नका. कोरडी काळी असतील, पू नसेल, वास नसेल तर मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यात रेघ स्पष्ट व्हायला काही आठवडे जातात, आणि बऱ्याचदा वाटलं होतं त्यापेक्षा कमी कापावं लागतं. तोवर कोरडं ठेवा, गरम पाण्याची पिशवी लावू नका, त्या बोटांना भाजलेलं कळत नाही.

कवठेमहांकाळहून एक लेक:
आईला तीन औषधं चालू आहेत, सहावा दिवस. डॉक्टर म्हणतात काही सांगता येत नाही. दागिने गेले, आता रानाचा तुकडा विकायचा का? हे विचारताना लाज वाटते.

लाज कसली बाळा. हे विचारायलाच पाहिजे, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना उत्तर द्यायचं धाडस होत नाही म्हणून आम्ही "बघू" म्हणतो. उद्या सकाळी राऊंडनंतर डॉक्टरांना खाली बसवून तीन गोष्टी विचार. चोवीस तासांत डोस वाढला की कमी झाला. इन्फेक्शन जिथून आलंय ती जागा साफ झाली का. लघवी होतेय का, की डायलिसिस चालू आहे. डोस हळूहळू उतरत असेल, मीन तेवढंच राहून, तर थांब, आई लढतेय. जागा साफ करूनही तिन्ही औषधं रोज चढतायत आणि एकेक अवयव बंद पडतोय तर औषध आता नुसता आकडा धरून ठेवतंय, आणि अशा वेळी "इथून पुढं वाढवू नका, त्रास होऊ देऊ नका, आम्हाला जवळ बसू द्या" असं म्हणणं म्हणजे आईला सोडणं नाही. मी हे माझ्या घरात म्हणालोय. नॉरॲड हे औषध तसं स्वस्तात जातं, पैसा जातो तो आयसीयूच्या बेडला, तपासण्यांना, भारी अँटिबायोटिकला. दवाखाना जन आरोग्य योजनेत असेल तर आरोग्यमित्राला आजच गाठ. नसेल तर हलवण्यासारखी परिस्थिती आहे का हे विचार, पण तीन पंपांवर पेशंट हलवणं धोक्याचं असतं. रानाचं उद्या बोलणं झाल्यावर ठरव, आज रात्री नको.

आता तासगावच्या ताईंचा राहिलेला प्रश्न. प्रेशर पडलेलं असताना बीपीच्या गोळ्या बंद करतातच, आणि अशा आजारानंतर काही आठवडे बीपी मूळ पातळीला येत नाही. त्यामुळं घरात जुनी स्ट्रिप आहे म्हणून चालू करू नका. सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं बसून मग मोजा, वहीत लिहा, उभं राहिल्यावर एकदा मोजा, चक्कर येते का तेही लिहा. मामांना शुगर असेल तर ती गोळी बंद केलीय का तेही कागदावर बघा. आठवड्यानं वही घेऊन जा. कित्येकदा आधीच्या अर्ध्या डोसवरच भागतं. आणि परत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.